‘सांगत्ये’मधला ‘य’

माझी आत्या घरातून निघताना उंबऱ्यात क्षणभर थांबायची आणि ‘येत्ये हं’ म्हणायची. ‘येते’ नाही, ‘येत्ये’. त्या ‘त्ये’मध्ये एक बारीकसा हेलकावा असे, पदर सावरताना मनगट वळावं तसा. शाळेत निबंधाच्या वहीत मी तसंच लिहिलं, तर बाईंनी त्याभोवती तांबड्या शाईने गोल केला. त्यानंतर आम्ही मुली निमूट ‘येते-जाते’वर आलो. पुढे कैक वर्षांनी रस्त्यावरच्या जुन्या पुस्तकांच्या ढिगात सिनेमातल्या नटी हंसा वाडकरांचं आत्मकथन हाती लागलं, तेव्हा आतलं पान उलटण्याआधी मी मुखपृष्ठावरच थबकले. ‘सांगत्ये ऐका’. तांबड्या शाईत गेलेला तो ‘य’ इथे ठसठशीत छापलेला होता.

या दोन शब्दांपाशी जरा रेंगाळायला हवं, कारण पुस्तकाची सगळी चाल त्यांत आहे. ‘सांगते’ म्हटलं की ते ठरवून केलेल्या विधानासारखं वाटतं. ‘सांगत्ये’मध्ये सांगणं आधीच सुरू झालेलं असतं, आपण उशिरा पोचलोय, बाई बोलतायत, आणि आपण गुपचूप जागा करून खाली बसायचं आहे. सांगणारी स्त्री आहे हे दोन्हींत सारखंच कळतं, पण ‘सांगत्ये’त ती कुठल्या बाजूची, कुठल्या घरात वाढलेली, तेही कानावर येतं. आणि काय सांगत्ये? ते नाही. ‘कहाणी’ नाही, ‘व्यथा’ नाही, ‘जीवन’ तर नाहीच. आत्मचरित्रांच्या नावांना एरवी जो उदबत्तीचा वास येतो तो इथे औषधालाही नाही. कर्मच गाळलेलं वाक्य, आणि त्या रिकाम्या जागेच्या शेजारी येऊन बसलेला आज्ञार्थ: ऐका. विनवणी नाही की दटावणी नाही. ढोलकी थांबल्यावर दोन पावलं पुढे येऊन बाईने म्हणावं तसं ते ‘ऐका’ आहे.

ते आलंय फडावरूनच. अनंत माने यांचा ‘सांगत्ये ऐका’ हा सिनेमा 1959 चा. पुण्यात तो शंभराहून जास्त आठवडे चालला. आज त्याची आठवण निघते ती बहुतेक वेळा बुगडीच्या लावणीमुळे आणि त्या लावणीवर नाचलेल्या जयश्री गडकरांमुळे. नाव मात्र हंसाबाईंनी आपल्या पुस्तकासाठी उचललं. सिनेमात गावच्या पाटलाने केलेला अन्याय पुढे तमाशाच्या फडातून गोष्ट म्हणून उभा राहतो. लोक करमणुकीला जमलेत आणि समोर चाललेली असते ती साक्ष. हेच नाव सिनेमाच्या पाटीवरून पुस्तकाच्या मुखपृष्ठावर आलं की एक गंमत होते, जिच्याकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही. तिकडे ‘ऐका’ म्हटल्यावर ज्याने दचकायचं तो पाटील आहे. इकडे त्याच्या जागी कोण बसलंय? नटीची भानगड वाचायला मिळणार म्हणून चवीने पान उलटणारा आपल्यासारखा वाचक. दुसऱ्याच्या गोष्टीचं नाव एका अक्षराचाही फेरफार न करता आपल्या आयुष्यावर असं चपखल बसवायला नटीचाच कान लागतो.

हे आत्मकथन आधी श्री. ग. माजगावकरांच्या ‘माणूस’ साप्ताहिकात आलं आणि 1970 मध्ये राजहंस प्रकाशनाने त्याचं पुस्तक केलं. शब्दांकन अरुण साधूंचं. साधूंनी पुढे ‘मुंबई दिनांक’ आणि ‘सिंहासन’ लिहिलं, म्हणजे वाक्यं फुलवता येत नव्हती अशातला भाग नाही. इथे त्यांनी ती फुलवली नाहीत, ही त्यांची कामगिरी. शब्दांकन करणाऱ्याला मोह नेमका कुठे होतो? बोलणारं माणूस बोलता बोलता मध्येच गप्प होतं, आणि लिहिणारा त्या गप्पपणात विशेषणं भरतो. साधूंनी तो गप्पपणा तसाच राहू दिला. वाचताना काही ठिकाणी वाटतं की इथे एखादा परिच्छेद गळलाय की काय. गळलेला नाही. बाईंना तेवढंच सांगायचं होतं.

आणि सांगायचं होतं तेही कसं, ते बघण्यासारखं आहे. मोठ्या प्रसंगाला आवाज चढत नाही. घर सोडून एका माणसाबरोबर त्या मराठवाड्यातल्या एका खेड्यात गेल्या, तिथे आपला नंबर कितवा हे त्यांना कळलं, बाहेर पडायची वाट बंद झाली. पुढे सुटकेच्या वेळी ज्या सरकारी माणसाने संरक्षण द्यायचं त्यानेच अत्याचार केला. दुसऱ्या कुणी यावर तीन प्रकरणं लिहिली असती आणि प्रत्येकाच्या शेवटी आकाशाकडे पाहिलं असतं. हंसाबाई ते सांगतात आणि पुढच्या गोष्टीकडे वळतात. गाण्याच्या भाषेत सांगायचं तर समेवर येतात, पण दाद मिळेपर्यंत थांबत नाहीत. पुढचं आवर्तन सुरू. स्वतःलाही त्यांनी सूट दिलेली नाही. दारू, मोह, स्वतःहून केलेल्या चुका, सगळं त्याच पट्टीत. दुःख आणि अपराध एकाच सुरात लावणं किती अवघड असतं ते कुठल्याही दोन-चार आत्मचरित्रांशी ताडून पाहावं. बहुतेकांचा सूर दुःखाला चढतो आणि अपराधाला हळूच उतरतो. इथे तंबोरा हलत नाही.

आता पुस्तकातल्या अभिनयाकडे. खरं तर आधी रोजच्या जगण्याकडे, कारण बाईंनी क्रम तसाच लावलाय. त्या मूळच्या रतन साळगावकर. कोकणातल्या कलावंत घराण्यात जन्मलेल्या, जिथे पिढ्यानपिढ्या गाणं-बजावणं होतं आणि मुलीचं रीतसर लग्न होणं हीच नवलाई. 1936 मध्ये ‘विजयाची लग्ने’तून पडद्यावर आल्या तेव्हा तेरा-चौदा वर्षांच्या होत्या. सिनेमासाठी नाव बदललं, आडनावही बदललं. लवकर लग्न केलं ते या आशेने की आता हे काम सुटेल. सुटलं नाही, उलट त्यांच्या कमाईवर घर चालू लागलं. पुस्तकभर एकच हट्ट फिरून फिरून येतो: घर, नवरा, मूल. स्टुडिओचं वर्णन मात्र नोकरीवर जाणारं माणूस कचेरीचं करतं तसं. हजेरी, पगार, करार, कुणाचा स्वभाव कसा. झगमगाट जवळजवळ नाहीच.

इथे मला हटकून दुर्गाबाई खोट्यांची आठवण होते. त्यांचं आत्मचरित्र 1982 चं, बांधेसूद आणि घरंदाज. दुर्गाबाई सॉलिसिटरच्या घरातून सिनेमात आल्या आणि गिरगावाने तोंडात बोट घातलं. त्यांना घरातून स्टुडिओत जाणं जड गेलं, हंसाबाईंना स्टुडिओतून घरात जाणं जमलं नाही. दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवून वाचली की एकच दार दोन्ही बाजूंनी दिसतं. दुर्गाबाईंचं गद्य मला जास्त नेटकं वाटतं. पण दाराची कडी कुठल्या बाजूला आहे ते हंसाबाईंनी दाखवलं.

हे सगळं डोक्यात ठेवून प्रभातचा ‘संत सखू’ पाहावा. साल 1941, दिग्दर्शन दामले, फत्तेलाल आणि राजा नेने यांचं, सखू हंसाबाईंची. त्या तेव्हा अठराच्या आसपास. गोष्ट आपल्याला ऐकून ऐकून गुळगुळीत झालेली: कऱ्हाडची सखू, छळणारी सासू, पंढरीची ओढ. सखूला खांबाला बांधून घालतात, विठ्ठल तिचं रूप घेऊन तिच्या जागी उभा राहतो, ती पंढरपूरला जाते आणि मागे देव घरकाम करतो. कीर्तनात ही गोष्ट आपण भक्ताच्या बाजूने ऐकतो. एकदा नटीच्या बाजूने बघा. देव सखूचं सोंग घेतो, पण ते सोंग वठवायचं कुणी? सखूचं काम करणाऱ्या बाईनेच. म्हणजे आधी सखू व्हायचं, आणि मग सखू होऊन आलेला देव व्हायचं.

यातली मेख अशी की साधनं सगळी तीच. तेच लुगडं, तेच कुंकू, तीच घागर, तीच केरसुणी. आहार्य, म्हणजे वेष, बदलता येत नाही; वाचिक, म्हणजे बोलणंही, बदललं तर सासूला संशय येईल. जो काही फरक करायचा तो अंगाने आणि सत्त्वाने. सखूच्या हातात केरसुणी असते तेव्हा पाठीमागून हाक येणार ही धास्ती तिच्या खांद्यांत हवी. देवाच्या हातात तीच केरसुणी आली की खांदे सैल. त्याला सासूची हाक ऐकू येते, पण लागत नाही. आता हे सैलपण थोडं जास्त झालं की ती सून राहत नाही, खेळकर पोरगी होते. थोडं कमी झालं की देव दिसत नाही. मधली जागा सुपारीएवढी. थोरामोठ्यांच्या भूमिका करणाऱ्या नटांना तलवार, मुकुट, स्वगत असं बरंच काही मिळतं. इथे अठरा वर्षांच्या मुलीला मिळाला केर.

त्यात त्या वेळचं तंत्र. एकाच चौकटीत एक नट दोनदा दाखवायचा असेल तर भिंगापुढचा अर्धा भाग झाकून आधी एका बाजूचं काम टिपत, मग फिल्म तेवढीच मागे गुंडाळून झाकलेली बाजू उघडत आणि उघडी बाजू झाकत. कॅमेरा तसूभर हलला की कष्ट पाण्यात. नटाने बोलायचं ते रिकाम्या हवेशी, बघायचं ते बरोबर आपल्याच डोळ्यांच्या उंचीवर, आणि समोरून उत्तर यायला जेवढा वेळ लागेल तेवढा मनात मोजून थांबायचं. थोडं आधी बोललं तर दोन आवाज एकमेकांवर चढणार, उशीर केला तर दोघी एकमेकींना ओळखत नाहीत असं वाटणार. अशा सिनेमांत लोक चमत्काराला टाळ्या वाजवतात. मी म्हणेन, ते थांबणं बघावं. ऐकणाऱ्याचा चेहरा करून, कुणीही बोलत नसताना, मोजके क्षण थांबणं. पुढे तीस वर्षांनी आत्मकथन सांगताना जी बाई नेमक्या जागी गप्प होते, तिचा हा रियाज फार जुना असावा असं मला उगाच वाटतं.

सखूला घरातून सुटायचं होतं आणि हंसाबाईंना घरात शिरायचं होतं, हा विरोध मी ताणणार नाही. तो आपला आपण दिसतो.

‘लोकशाहीर रामजोशी’ 1947 चा. जयराम शिलेदार रामजोशी आणि हंसाबाई तमासगीर बया. सखूची नजर सासूपुढे खाली, बयाची नजर सरळ बैठकीवर. लावणीत नजर ‘देतात’ म्हणतात, ते क्रियापद फार नेमकं आहे. दिलेली वस्तू घेणाऱ्याला हिशेबात ठेवावी लागते. मध्यमवर्गीय मराठी प्रेक्षकाने ज्या बाईला सखू म्हणून हात जोडले तिलाच सहा वर्षांनी बया म्हणून डोळे भरून पाहिलं, आणि दोन्ही वेळा त्याला ती पटली. आणखी तीन वर्षांनी ‘पुढचं पाऊल’मध्ये तर तिच्यासमोर नायक पु. ल. देशपांडे. हा पल्ला आपण नटीच्या हिशेबात कधी नीट मांडला नाही. आपल्याकडे तिची चर्चा झाली ती पुस्तकामुळे, आणि पुस्तकाची झाली ती त्यातल्या माणसांमुळे.

मग 1977 मध्ये श्याम बेनेगल यांचा ‘भूमिका’ आला. आधार या आत्मकथनाचा, पटकथा गिरीश कार्नाड, सत्यदेव दुबे आणि स्वतः बेनेगल यांची. रतन-हंसाची इथे उषा-उर्वशी झाली आणि भाषा हिंदी झाली. मी तो पहिल्यांदा पाहिला तेव्हा माझ्या डोक्यात एकच भुंगा होता: आता त्या ‘य’चं काय होणार? ‘सांगत्ये’ला हिंदीत नेता येत नाही. आणि चित्रपटात ‘मी’ म्हणून सांगणारी बाई ठेवली तर निवेदनाचं नाटक होतं. बेनेगलांनी ती जागा रंगांवर सोपवली. आजची उषा रंगीत, मागची उषा काळ्या-पांढऱ्यात आणि पिवळट छटांत; गोविंद निहलानींचा कॅमेरा या दोन्हींच्या मधून ये-जा करतो. बाई आठवत्ये, अजून आठवत्ये, आणि मध्येच वर्तमान येऊन आदळतो. चालू असलेलं क्रियापद त्यांनी असं पडद्यावर आणलं. शिवाय स्मिता पाटील, अमोल पालेकर, सुलभा देशपांडे अशी मंडळी हिंदी बोलतात तेव्हा तळाशी मराठी हाड लागतंच. कान लावला तर ‘य’ पुरता हरवलेला नाही.

सुरुवातच पाहा. पडद्यावर नाच चाललेला आहे, ठसका भरपूर, आणि आपल्याला वाटतं हाच सिनेमा. मध्येच तो तुटतो आणि कळतं की हा सिनेमातला सिनेमा होता. इथून उषा झालेल्या स्मिताचं खरं काम सुरू होतं. तेव्हा ती बाविशीच्या आतबाहेर. काही काळापूर्वीपर्यंत मुंबई दूरदर्शनवर बातम्या वाचणारी, जीन्सवरच साडी गुंडाळून कॅमेऱ्यासमोर बसणारी मुलगी. तिने साकारायची ती चाळीसच्या दशकातली पडदा भरून टाकणारी नटी, जिचा अभिनय आजच्या मानाने भडक. या ठिकाणी हुशार नट एक चूक हमखास करतात: जुन्या अभिनयाची टिंगल करतात, डोळ्यांच्या कोपऱ्यातून आपल्याला सांगतात की मला यातलं हसू कळतंय बरं का. स्मिता तसं करत नाही. उषा कॅमेऱ्यासमोर जे करते ते मनापासून, पोटासाठी आणि चोख करते. भडकपणा आहे, पण तो त्या काळाच्या कारागिरीचा मान ठेवून. या भूमिकेसाठी तिला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. परीक्षकांना नेमकं काय भावलं कोण जाणे, मला हे भावलं.

आणि तो कोंबडा. आठवणींच्या पहिल्याच तुकड्यात छोटी उषा आपला कोंबडा वाचवायला धावते. घरच्यांनी त्याचं कालवण करायचं ठरवलेलं, पोर त्याला घेऊन जीव खाऊन पळत सुटलेली. दिग्दर्शक पुढे त्यावर काही बोलत नाही, प्रतीक म्हणून तो कोंबडा पुन्हा पुन्हा नाचवत नाही. घरात जे पाळलं जातं ते कशासाठी पाळलं जातं, एवढं त्या मुलीला कळलेलं असतं आणि आपल्यालाही. बस्स. पुस्तकातल्या गाळलेल्या कर्माची मला इथे आठवण होते.

पण ज्या प्रसंगासाठी मी हा चित्रपट पुन्हा पुन्हा लावते तो काळेंच्या वाड्यातला. विनायक काळे म्हणजे अमरीश पुरी. पहिली पत्नी अंथरुणाला खिळलेली, म्हातारी आई, एक मुलगा. उषाला अखेर हवं ते घर मिळतं. ती घरात वावरू लागते, त्या मुलात रमते. इथे स्मिता जे करते त्याला नाव काय द्यावं? एक नटी नटीचं काम करत्ये, आणि ती नटी आता गृहिणीचं काम करत्ये, आणि या सगळ्या थरांच्या खाली खराखुरा आनंद आहे. गृहिणीच्या भूमिकेत ती किंचित जास्तच नीटनेटकी वाटते, नव्या नवरीसारखी. पाहुण्या घरात माणूस पाणी पिऊन झाल्यावर भांडं जरा जास्तच जपून ठेवतं ना, तसं. मुलाला घेऊन जत्रेला जावं असं तिच्या मनात येतं, आणि तेव्हा तिला कळतं की या घराचं दार तिच्यासाठी आतून उघडत नाही. मला तिथे दरवेळी खांब दिसतो. कऱ्हाडचा.

सखूसाठी देव आला होता. उषा चिठ्ठी पाठवून, पोलीस बोलावून सुटते.

शेवटाकडे उषाची मुलगी तिला आपल्याकडे राहायला बोलावते आणि उषा ते नाकारते. आयुष्यभर घराचा हट्ट धरलेली बाई मिळणारं घर नको म्हणते, आणि स्मिताच्या चेहऱ्यावर त्यागाचा लवलेशही नसतो. थोडा थकवा असतो, आणि गर्दीतून बाहेर आलेल्या माणसाची मोकळीक असते. हॉटेलची खोली, एक फोन. पार्श्वसंगीत असतं की नसतं तेही मला आठवत नाही, इतकी मी त्या चेहऱ्याकडे बघत असते.

हंसाबाईंनी ‘भूमिका’ पाहिला नाही. पुस्तक आलं त्याच्या पुढच्याच वर्षी, ऑगस्ट 1971 मध्ये, त्या गेल्या होत्या.

माझ्याकडच्या प्रतीच्या पहिल्या कोऱ्या पानावर आधीच्या कुणा मालकाने, अक्षरावरून मालकिणीने असावं, पेन्सिलीने पुस्तकाचं नाव लिहून ठेवलंय: ‘सांगते ऐका’. शुद्ध. बहुधा तिच्याही बाईंकडे तांबडी शाई होती. ते खोडायचं माझ्या जिवावर आलं. मी त्याच्याखाली पेन्सिलीनेच ‘त्ये’ लिहिलं.